मामांचे विस्कटलेले मासे

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या दवाखान्यात मात्र त्याच्यावर पाच जणांची पोटं भरतात. एक धाकटे डॉक्टर, जे कोरतात. दुसऱ्या सिस्टर, ज्या कोरताना पेशंटच्या तोंडात नळी धरतात. मागच्या खोलीत कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेला कवळीवाला. काउंटरवर मी, नावं आणि वेळा लिहिणारा. आणि पाचवे मामा. मामांच्या नेमणुकीच्या कागदावर ‘मदतनीस’ असा एकच शब्द आहे. कोणाला मदत, कसली मदत, हे लिहायला मोठे डॉक्टर विसरले की त्यांनी मुद्दामच ते सोडून दिलं, कोण जाणे.

मामा सगळ्यांचेच मामा. पेशंटचे, पेशंटबरोबर आलेल्यांचे, औषधं घेऊन येणाऱ्या विक्रेत्यांचे. खुद्द त्यांची बायकोही चारचौघांत त्यांना ‘अहो मामा’ म्हणते, तेव्हा नातं जुळवायच्या भानगडीत कोणी पडू नये. मला ते ‘रजिस्टर’ म्हणायचे. सकाळी आले की पहिला प्रश्न, “काय रजिस्टर, आज किती गाल सुजलेत?”

मामांचं खरं काम होतं घाबरलेल्या माणसाला बसतं ठेवणं. आतून यंत्राची ती बारीक किर्र सुरू झाली की बाहेरच्या बाकांवरचे गुडघे हलायला लागतात. चांगले मिशीवाले बाप्ये ‘आलोच गाडी बघून’ म्हणून उठतात आणि थेट पुढच्या महिन्यात उगवतात. अशा माणसाचा दंड मामा हलकेच धरायचे आणि त्याला दोन बाकांच्या मधल्या टाकीसमोर आणून बसवायचे.

टाकी तीन फुटांची. तळाशी काळी वाळू, उभी हिरवी वनस्पती, वाळलेल्या फांदीचा एक तुकडा, आणि त्यात बावीस निऑन टेट्रा. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. अंगावर डोळ्यापासून निघालेली निळी रेघ आणि शेपटीकडे लाल पट्टा. बारा वर्षांपूर्वी मामांच्या शब्दावर मोठ्या डॉक्टरांनी टाकी घेतली होती. मधल्या काळात म्हातारे होऊन काही मासे गेले, नवे आले. पण नवा मासा आधी तीन आठवडे मागच्या खोलीत, कवळ्यांच्या साच्यांशेजारी, वेगळ्या पेटीत राहायचा. आजारी नाही अशी मामांची खात्री पटली की मगच त्याला मोठ्या घरात प्रवेश. सुनेलासुद्धा कोणी इतकं पारखून घेत नाही, असं मी म्हणायचो. त्यावर मामा म्हणायचे, “सुनेला निदान परत जाता येतं.”

हे मासे थव्याने फिरतात अशी त्यांची ख्याती. आमच्याकडचे फिरत नसत. एक फांदीखाली, दोन पानांत, चार वर, एक उगाच काचेला नाक लावून. कोणीतरी हटकून म्हणायचंच, “मामा, हे तर विस्कटलेलेत. एकत्र पोहतात ना हे?”

“घाबरले की पोहतात,” मामा सांगायचे. “मोठं काही अंगावर आलं की एकमेकांना चिकटतात. भीती नसली की ज्याचा तो हिंडतो. हे विस्कटलेत म्हणजे सुखात आहेत. तुम्ही पण जरा विस्कटून बसा की. खांदे खाली घ्या.”

आणि गंमत म्हणजे लोक खांदे खाली घ्यायचे.

दाढ काढायला आलेला माणूस जाताना मासे पाळण्याचा सल्ला घेऊन जायचा. गालात बोळा असल्यामुळे त्याला उलट प्रश्नही विचारता येत नसत. मामांचा एक नियम तर साऱ्या पेशंटना पाठ झाला होता: तोंडात मावेल ते खाद्य, मावणार नाही तो शेजारी. कुठला मासा कुठल्या माशाबरोबर ठेवायचा, याचं सगळं शास्त्र त्या एका ओळीत.

मग मोठ्या डॉक्टरांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी स्वतःच एक दिवस हत्यारं खाली ठेवली. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा आला, तेच धाकटे डॉक्टर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हात हलका आहे, पेशंटशी गोड बोलतात. फक्त त्यांना सगळं चकाचक आणि लगेच लागतं. खाली त्यांच्या गाडीचं दार वाजलं की सिस्टर, कवळीवाला आणि मी, तिघं तीन दिशांना असलो तरी कसे कोण जाणे काउंटरपाशी गोळा होतो आणि एकदम कामात असल्यासारखे दिसतो.

एका सकाळी ते टाकीसमोर थांबले.

“मामा, आपण ही पेटी काढू या.”

मामा काच पुसत होते. पुसत राहिले.

“लोकांना मासे दिसतच नाहीत हो. सगळे पानांत. नुसतं शेवाळं बघायला ठेवल्यासारखं वाटतं. इथे छान मोठा टीव्ही लावू.”

“मासे कुठे जातील?”

“तुम्ही घेऊन जा ना घरी.”

मामांचं घर दीड खोलीचं. त्यात मामींचं शिलाई मशीन, आणि मशीनभोवती लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे. तीन फुटांची टाकी तिथे ठेवायची तर दोघांपैकी एकाला उभं राहून झोपावं लागेल. धाकट्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं आणि मामा सांगणाऱ्यांतले नव्हते. ते एवढंच म्हणाले, “महिनाभर थांबा, डॉक्टर. मग काय ते बघू.”

त्या महिन्यात मामा उदास होते म्हणावं तर तसं दिसायचं नाही. फक्त सकाळी ‘किती गाल सुजलेत’ हा प्रश्न बंद झाला.

पुढचं घडलं ते एका सहा वर्षांच्या कार्टीमुळे. दुधाचा दात हलत होता आणि तिला तो काढू द्यायचा नव्हता. आईच्या हातातून ती सुटली आणि दोन्ही तळहातांनी तिने काचेवर फाडकन मारलं. बावीसच्या बावीस मासे एका क्षणात एक झाले. निळी-लाल पट्टी या टोकाहून त्या टोकाला गेली, झटकन वळली, परत आली. सगळा बाक “अरे वा!” म्हणाला. आवाज ऐकून धाकटे डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले.

“अरे! हे असं करतात? मग रोज का नाही करत?”

मामा मुलीचे हात काचेवरून बाजूला घेत होते.

“हे असं रोज दिसणार असेल तर राहू दे की टाकी. टीव्ही कशाला मग?” असं म्हणून डॉक्टर आत गेले.

तीन दिवसांनी मामा पाण्याने भरलेली एक पिशवी घेऊन आले. पिशवीत एक एंजल मासा होता. चपटा, उभा, रुपेरी, अंगावर काळे पट्टे, वर-खाली लांब पर. दिसायला राजबिंडा. मी विचारलं, “मामा, हा? तुमच्या नियमाचं काय?”

“तोंड तपासलंय मी. दुकानात पाऊण तास उभा होतो. अजून लहान आहे, टेट्रा मावत नाही तोंडात.”

“आणि मोठा झाल्यावर?”

“त्याच्या आत परत देईन. डॉक्टरांच्या डोळ्यांत टाकी एकदा भरू दे. दोन महिने.”

“तीन आठवडे वेगळा ठेवणार ना?”

मामांनी माझ्याकडे न बघता पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. महिना संपायला चारच दिवस उरले होते.

त्या माशाचं ‘साहेब’ हे नाव मी ठेवलं. मी हसत होतो, कवळीवालाही हसत होता. आम्ही त्या वेळी हसलो होतो हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

साहेब पाण्यात आले आणि टाकी बदलली. त्यांना काही करावंच लागत नसे. ते नुसते फिरायचे, आणि बावीस मासे त्यांच्यापासून ठरावीक अंतर राखून, एकमेकांना घासून, इकडून तिकडे वळत राहायचे. बाकांवरची माणसं मोबाइल खाली ठेवून बघायला लागली. उभं राहून बघायची. धाकट्या डॉक्टरांनी स्वतः फोन धरून चित्रण केलं, पाठीमागे काळा कागद लावून, दिवे घालवून, पुन्हा पुन्हा. मामांच्या पाठीवर थाप मारली. “मामा, कमाल केलीत. आता हा मासा काढायचा नाही हं!”

मामा हसले. दातांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढलेला माणूस कसा हसतो, तसे. दात दाखवून.

त्यानंतरची चूक मामांसारख्या जाणत्या माणसानेच करावी अशी होती. माझ्यासारख्या अडाण्याने ती केली नसती, कारण ती माझ्या डोक्यातच आली नसती. मामांना वाटलं, साहेबांचं पोट भरलेलं असलं म्हणजे त्यांची नजर टेट्रांकडे वळणार नाही. म्हणून ते साहेबांना दिवसातून चार-चार वेळा खायला घालू लागले. गोठवलेल्या अळ्या, दाणे, परत अळ्या. साहेब खायचे आणि वाढायचे. दोन महिन्यांत जेवढे वाढायचे तेवढे पाच आठवड्यांत वाढले, आणि अंगाबरोबर तोंडही वाढलं. पलीकडे टेट्रा साहेबांच्या धाकाने दाण्यांसाठी वर यायचेच बंद झाले. ते बारीक होत गेले, म्हणजे मावायला आणखी सोपे. एका हाताने मामा तोंड मोठं करत होते आणि दुसऱ्या हाताने घास लहान.

हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा टाकीत एकवीस होते.

सकाळी दिवा लावायच्या आधी मामा मोजायचे. अंधारात राहिलेले टेट्रा फिके पडतात, मग दिव्याखाली हळूहळू रंग धरतात. आता दिवा लावून तास झाला तरी ते फिकेच असायचे. मामांनी पाणी गाळायचं यंत्र उघडून बघितलं, फांदी उचलून बघितली, टाकीमागची फरशी चाचपली. मला म्हणाले, “उडी मारली असेल.” टाकीवर झाकण होतं.

एकोणीस झाले तेव्हा मी म्हणालो, “मामा, काढा त्याला.”

“आणि डॉक्टरांना काय सांगू?”

“खरं सांगा.”

“काय खरं? तुमची शोभा माझ्या माशांच्या जिवावर आहे, असं? रजिस्टर, टाकी गेली तर हे सगळे दुकानातल्या बादलीत जातील. तिथून कोणाच्या तरी बरणीत. आठवडाभरात संपतील.”

“इथे काय होतंय मग?”

मामा उठले आणि साहेबांना अळ्या घातल्या.

त्या दिवसांत आमच्याकडे एक आजी यायच्या, कवळीसाठी. आधी उरलेले सहा दात काढले, मग हिरड्या भरून यायची वाट पाहिली, मग माप, मग मेणाचा साचा. चार महिन्यांत त्यांच्या सात-आठ फेऱ्या झाल्या असतील. पहिल्या फेऱ्यांना त्या टाकीसमोर बसल्या बसल्या चक्क घोरायच्या. सिस्टर म्हणायच्या, गुंगीच्या इंजेक्शनचं काम मामांचे मासे करतात. मेणाच्या साच्याच्या दिवशी आजी आल्या, टाकीसमोर बसल्या आणि पाच मिनिटांत उठून समोरच्या बाकावर गेल्या. टाकीकडे पाठ करून.

“का हो आजी?” मामांनी विचारलं. “आज झोप नाही आली?”

दात नसल्यामुळे आजींचं बोलणं वाऱ्यासारखं यायचं. “यांना काय झालंय, मामा? बघवत नाही. छातीत धडधडतं माझ्या.”

शेजारचा एक तरुण म्हणाला, “आजी, छान तर दिसतायत!”

“तू दात काढायला आलायस का?” आजींनी विचारलं.

“नाही, मी यांच्याबरोबर.”

“तेच,” आजी म्हणाल्या.

मामा तिथे थांबले नाहीत. मागच्या खोलीत गेले. कवळीवाल्याने नंतर मला सांगितलं की मामा साच्यांच्या फळीला धरून बराच वेळ उभे होते आणि म्हणत होते, “मला माहीत होतं रे. दुसऱ्याला नसतं माहीत, मला होतं.”

पुढच्याच गुरुवारी धाकटे डॉक्टर चार दिवसांसाठी परगावी, डॉक्टरांच्या संमेलनाला गेले. गाडी वळली आणि मामांनी जाळी घेतली. साहेबांना पकडणं सोपं नव्हतं. टाकी उपसावी लागेल की काय असं वाटायला लागलं. शेवटी अळ्या दाखवल्या तेव्हा ते आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, जाळीत आले. इतक्या दिवसांच्या लाडाचा एवढाच उपयोग झाला. मामा त्यांना घेऊन दुकानात गेले आणि हात हलवत परत आले. म्हणाले, “दुकानदार खूश झाला. म्हणतो, चांगला पोसलाय.”

टाकीत चौदा उरले होते.

साहेब गेले म्हणून लगेच काही झालं नाही. दोन दिवस चौदाही जण एकाच कोपऱ्यात गठ्ठा होऊन राहिले, साहेब जिथे असायचे तिकडे बघत. मामा बाकावर बसून होते. पेशंट थोडेच होते, नुसते वेळा विचारायला येणारे. तिसऱ्या दिवशी दुपारी एक मासा गठ्ठ्यातून सुटला, फांदीपर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला आणि तिथेच राहिला. मामांनी मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. मी काउंटरवरून बघत होतोच. संध्याकाळपर्यंत पाच जण सुटे हिंडत होते. मामांनी चिमूटभर दाणे टाकले आणि ते खायला कितीतरी आठवड्यांनी कोणीतरी वर आलं.

सोमवारी गाडीचं दार वाजलं. आम्ही तिघं काउंटरपाशी गोळा झालो. मामा झाले नाहीत. टाकीपाशीच उभे राहिले.

डॉक्टर आत आले, थांबले. “मामा, मासे कुठायत?”

“आहेत.”

“कुठे? मला चार दिसतायत.”

“चौदा आहेत. आता घाबरलेले नाहीत, म्हणून दिसत नाहीत.”

“आणि तो मोठा?”

“परत दिला. तो यांना खात होता, डॉक्टर.”

“मग मला विचारायचं नाही का आधी?”

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

आमच्यापैकी कोणी धाकट्या डॉक्टरांना इतकं सरळ उत्तर दिलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तेही गोंधळले. रागवावं की हसावं हे त्यांचं ठरेना. शेवटी ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “ठीक आहे, मामा. मग टीव्हीच लावू आपण.” ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

टाकी रविवारी हलवली. मासे कवळीवाल्याच्या प्लास्टरच्या रिकाम्या, चार वेळा धुतलेल्या डब्यांतून गेले. मी दोन डबे मांडीवर धरून रिक्षात बसलो होतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मामा “सावकाश हो, सावकाश” म्हणत होते. रिक्षावाल्याने शेवटी विचारलं, “घरात बाळंतीण आहे का?”

मामींनी शिलाई मशीन दारापर्यंत सरकवलं होतं. दार आता अर्धंच उघडतं, पाहुण्याने आडवं होऊन आत यायचं. “मासे दवाखान्यात बारा वर्षं लोकांना धीर देत होते,” मामी मला म्हणाल्या, “आता घरी मला देणार. कसला धीर! मी शिवतेय आणि हे त्या काचेत डोकं घालून बसणार.” पण टाकीखाली जुन्या गोधडीची चौपदरी घडी घालून ठेवली होती ती त्यांनीच. हलवाहलवीत तीन मासे गेले. अकरा राहिले. मामांनी नवे आणले नाहीत. मी म्हणालो, आणा की, आता तर वेगळं ठेवायला तीन आठवडे आहेत तुमच्याकडे. ते म्हणाले, “नको. हे आहेत तोवर हेच.”

टीव्ही लागला. मोठा, भिंतभर. आणि त्यावर काय लावायचं हा प्रश्नच नव्हता, कारण डॉक्टरांच्या फोनमध्ये चित्रण तयार होतं. आमचीच टाकी, मागे काळा कागद, रंग खऱ्यापेक्षा झळझळीत. बावीस मासे एका दमात वळतात, जातात, परत वळतात. साहेब चित्रात येत नाहीत, डॉक्टरांनी तेवढं कापून टाकलंय. त्यामुळे कशाला घाबरून वळतात ते कळत नाही. दोन मिनिटांची फीत, संपली की पुन्हा पहिल्यापासून, दिवसभर. लोक बघतात. छान आहे म्हणतात. गुडघे मात्र हलतात. पण गुडघे काही रजिस्टरात लिहायचे नसतात.

सकाळी टीव्ही सुरू करणं हे आता मामांचं काम आहे. ते बटण दाबतात आणि पडद्याकडे पाठ करून बाक पुसायला लागतात.

परवा आजी शेवटच्या फेरीला आल्या. कवळी बसली होती, बोलणं शब्दाशब्दाने स्पष्ट येत होतं, आणि त्यामुळे त्या कोणी वेगळ्याच बाई वाटत होत्या. त्यांनी वर बघितलं.

“मामा, हे आपलेच ना?”

“हो.”

“आहेत कुठे आता?”

“यातले अकरा माझ्या घरी आहेत.”

आजींनी वर बघत ओठ हलवले. मोजत होत्या. मासे वळले की मोजणी चुकायची, पुन्हा सुरुवात करायच्या. मग त्यांनी तो नाद सोडला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या, पाठ करून. मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघं भिंतीकडे बघत होते. मी आजींचं नाव पुकारलं नाही, दोन माणसं पुढे घेतली.

दवाखाना बंद करताना मामा अजून रोज कोपऱ्यात नळाच्या पाण्याची बादली भरून ठेवतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं राहिलं की त्यातल्या औषधाचा वास उडतो, मग ते माशांना चालतं. बारा वर्षांची सवय. आता दवाखान्यात त्या पाण्याला कोणी नाही. फरशी पुसणाऱ्या बाई सकाळी येऊन तीच बादली उचलतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “मामा, हे पाणी घेऊ का?”

“घ्या,” मामा म्हणाले. “चांगलं मुरलेलं आहे.”